०.९ वर अडकलंय, १.० कधी म्हणू?

पत्राचा सारांश:

मी सोलापूरची, वय ३१. लग्नाआधी एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघायचे. सूत किती आलं, कुठल्या मागावर किती डझन निघाले, कुणाची किती मजुरी झाली, सगळं वहीत चालायचं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि त्या वहीचा एक प्रोग्राम केला. चार वर्षांपूर्वी तो ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावा-बदलावा असा, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकला. आज सोलापुरातले पाच-सहा कारखाने आणि इचलकरंजी, मालेगावकडचे काही जण तो वापरतात. शनिवारची मजुरी त्याच्यावरच निघते. पण व्हर्जन अजून ०.९.८ आहे. जीएसटीचा भाग अर्धवट आहे, छपाई नीट येत नाही, म्हणून १.० म्हणायचं धाडस होत नाही. आता ०.९.९ झालं की आकडेही संपतील. मागच्या वर्षी ०.९.५ मध्ये तारखेची पद्धत बदलली आणि इचलकरंजीच्या एका काकांच्या जुन्या नोंदींत दिवस-महिने उलटे झाले. ते फार बोलले. ०.९.६ मध्ये चूक सापडली तेव्हा लाज वाटून मी नंबर तोच ठेवला आणि फाईल गुपचूप बदलली. कोडमध्ये मदत करणारा पुण्याचा मित्र म्हणतो, सरळ २.० म्हण, नाहीतर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमसारखे वर्षाचे नंबर दे. ओळखदेख नसलेले एक जण ‘दर महिन्याला नवं व्हर्जन का नाही’ म्हणून मागे लागलेत. मुलगी झोपल्यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत बसते. सासूबाई बोलत काही नाहीत, सकाळी डोळ्यांकडे बघतात फक्त. मुलाखतीत एकानं ०.९ बघून विचारलं, “चार वर्षांत पूर्ण नाही झालं?” मी काय करू?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘शनिवारची मजुरी त्याच्यावरच निघते.’ आणि त्याला लागूनच ‘१.० म्हणायचं धाडस होत नाही.’ म्हणजे शनिवारी संध्याकाळी कामगारांच्या हातात जे पैसे पडतात ते ज्याच्या भरवशावर, त्याला तुम्ही स्वतः अजून भरवशाचं म्हणायला तयार नाही. त्या कारखान्यांनी मात्र तुमचा प्रोग्राम कधीच पास करून टाकलाय, तुम्हाला न विचारता.

तुम्ही व्हर्जन नंबरला प्रगतिपुस्तक समजताय, असं मला वाटतं. शून्याच्या पुढे नऊ म्हणजे नव्वद टक्के, एक म्हणजे शंभर. हे इतकं सहज डोक्यात बसतं की त्याच्याबद्दल कुणी शंका घेत नाही. पण तो नंबर तुमच्या कामाचे गुण सांगत नाही. वापरणाऱ्याला तुम्ही काय शब्द दिलाय, ते सांगतो.

आधी तुमची ती ‘आकडे संपतील’ची भीती काढून टाकू. व्हर्जनमधला टिंब हा दशांश चिन्हाचा टिंब नाही. पोथीत नवव्या अध्यायाची नववी ओवी संपली की दहावा अध्याय सुरू होत नाही, त्याच अध्यायाची दहावी ओवी येते. तसं ०.९.९ नंतर ०.९.१० येतं, मग ०.९.११, आणि हवं तर ०.९.१४३ सुद्धा. मात्र एक काम आजच करा. तुमच्या प्रोग्रामात ‘नवं व्हर्जन आलंय का’ हे तपासणारा भाग असेल, तर तो आकड्यांची तुलना अक्षरांसारखी करतो का ते बघा. अक्षरांच्या हिशेबात ०.९.१० हे ०.९.९ च्या आधी लागतं. तुम्ही वापरता त्या पायथॉनचंच ३.१० हे व्हर्जन २०२१ च्या ऑक्टोबरात आलं, तेव्हा व्हर्जनची पहिली तीनच अक्षरं उचलणाऱ्या प्रोग्रामांनी त्याला ३.१ समजून गोंधळ घातला होता. भल्याभल्यांचं होतं.

आता गुणांचा मुद्दा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं ‘वाईन’ १९९३ मध्ये सुरू झालं आणि त्याचं १.० आलं २००८ मध्ये. चित्रं काढायचं ‘इंकस्केप’ २००३ चं, त्याला १.० म्हणवून घ्यायला २०२० उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत लोकांनी त्याच्यावर लग्नपत्रिका केल्या, लोगो केले, पोट भरलं. उलट बाजूला लिनक्सचा गाभा (कर्नल) बघा. २०११ मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवल्ड्सनं २.६.३९ वरून थेट ३.० केलं आणि वर स्वतःच सांगून टाकलं की यात विशेष काही नाही, आकडे फार वाढले होते आणि लिनक्सला वीस वर्षंही होत होती. पुढे ४.०, ५.०, ६.० त्याच चालीनं आले. म्हणजे एकानं सतरा वर्षं थांबून जो आकडा घेतला, तसला दुसऱ्यानं लांबलेले आकडे आवरायला घेतला. दोन्ही सॉफ्टवेअर उत्तमच.

आणि पूर्णत्वाचंच म्हणाल, तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचं उदाहरण मला फार आवडतं. पुस्तकांची पानं जुळवणारी त्यांची ‘टेक’ ही प्रणाली प्रत्येक दुरुस्तीबरोबर गणितातल्या पाय (π) च्या किमतीच्या एक अंक जवळ सरकते. २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३ वर पोचली. आपल्या पश्चात तिला ‘पाय’ हे शेवटचं व्हर्जन म्हणावं आणि मग तिला कुणी हात लावू नये, असं त्यांनी सांगून ठेवलंय. तोपर्यंत जवळ जायचं, पोचायचं नाही. तुमचा जीएसटीचा भाग पूर्ण होईल, तेवढ्यात सरकार काहीतरी बदलेल आणि तो पुन्हा अर्धवट होईल. त्याच्यासाठी १.० ला ताटकळत ठेवू नका.

बहुतेक प्रोजेक्ट आज ज्या पद्धतीनं नंबर देतात तिला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती लिहून काढली. तुमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर शेवटचा आकडा वाढला की समजायचं, तोच माल, उसवलेलं शिवलंय. मधला वाढला की नवी सोय आली, पण जुनी सवय मोडणार नाही. आणि पहिला वाढला की सावध: काल चालत होतं त्यातलं काहीतरी आज तसं चालणार नाही. पहिला आकडा शून्य असला तर अर्थ इतकाच की अजून काहीही बदलू शकतं, विसंबू नका. त्या नियमावलीच्या प्रश्नोत्तरांत हेही म्हटलंय की तुमचं सॉफ्टवेअर लोकांच्या रोजच्या कामात असेल, तर ते बहुधा एव्हाना १.०.० असायला हवं होतं. तुमचं आहेच.

आता इचलकरंजीच्या काकांकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी जखम मला तिथं दिसते. काका चिडले ते नंबर लहान होता म्हणून नाही. फाईलमधल्या तारखा वाचायची पद्धत बदलणं हा पहिल्या आकड्याचा बदल होता, आणि तो तुम्ही शेवटच्या आकड्याच्या पिशवीत घालून पाठवलात. त्यांनी बघितलं, ०.९.४ चं ०.९.५ झालंय, किरकोळ असेल. बटण दाबलं. पाच एप्रिलची नोंद चार मे होऊन बसली. मजुरीच्या वहीत महिना हलला की उचल कुठल्या आठवड्यात कापायची इथपासून भांडणं लागतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! शून्याच्या घरात असल्यामुळे नियमाच्या पुस्तकात तुम्ही निर्दोष आहात. पण काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही, आणि त्यांनी ते वाचावं अशी अपेक्षाही बरोबर नाही.

असा बदल पुन्हा करावा लागला, तर आधीच्या व्हर्जनमध्येच पडद्यावर सूचना द्या की पुढच्या खेपेला तारखेची पद्धत बदलणार आहे. नवं व्हर्जन पहिल्यांदा उघडताना जुन्या फाईलची प्रत आपोआप बाजूला ठेवा, मगच रूपांतर करा. आणि पहिला आकडा वाढवा, न लाजता. २.०, ३.० होणं म्हणजे अपयश नाही. फायरफॉक्स या ब्राउझरनं २०२२ मध्येच शंभरी ओलांडली.

नियम पाळले तरी सगळं सुरळीत होईल असं नाही, हेही सांगून ठेवते. समजा, मजुरीच्या बेरजेत पैसे चुकीचे पूर्णांकात जातात आणि तुम्ही ते दुरुस्त केलंत. तुमच्या लेखी शेवटच्या आकड्याचं काम. पण एखाद्या कारखान्यात लोकांना त्या चुकीच्या बेरजेचीच सवय असेल, तर शनिवारी तीन रुपये कमी दिसले म्हणून तुम्हालाच फोन येईल. म्हणून नंबरच्या सोबत काय बदललं ते साध्या मराठीत दोन-चार ओळींत लिहीत जा. ‘विविध सुधारणा’ असं लिहू नका. ते न लिहिल्यासारखंच.

०.९.६ गुपचूप बदललीत, त्यावर जरा रागावू का? माझे वडील रंगखात्यात होते. एकाच लाल रंगाचं सूत दोन दिवशी रंगवलं तर दोन लाल निघतात, म्हणून प्रत्येक लॉटला वेगळा नंबर पडायचा. चुकून दोन लॉट एका नंबरखाली गेले, तर चादरीच्या मधोमध पट्टा उठायचा आणि दोष कुणाचा ते शोधता यायचं नाही. तुमचं तेच झालंय. आज दोन माणसं फोनवर सांगतील की आमच्याकडे ०.९.६ आहे, आणि दोघांकडे वेगळा प्रोग्राम असेल. एकदा बाहेर गेलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही. चूक दहा मिनिटांत सापडली तरी पुढचा नंबर घ्यायचा. नंबर फुकट असतात. ०.९.६ बद्दल आता एक ओळ जाहीर लिहून टाका: या नंबरच्या दोन फायली फिरतायत, कृपया ०.९.८ घ्या. लाज एकदाच वाटेल.

मित्राच्या दोन सूचनांपैकी २.० ची मला पसंत नाही. आकडे गाळणं हे पाप नाही. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेनं ६ गाळून ७ आणलं, कारण ६ चं काम अर्ध्यात सोडावं लागलं होतं आणि त्या नावाची पुस्तकं आधीच बाजारात आली होती. डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकाराचं १.० कधी निघालंच नाही. एका सीडीवाल्यानं अपुरी आवृत्ती त्याच नावानं विकली, म्हणून त्यांना १९९६ मध्ये १.१ पासून सुरुवात करावी लागली. या दोन्हींत कारण होतं. मोठं दिसायला म्हणून २.० म्हणणं हे मात्र कुठल्याही मालावर ‘सोलापुरी चादर’ची चिठ्ठी चिकटवण्यासारखं आहे, आणि आपल्या गावाला त्याचा पुरेसा ताप झालेला आहे.

वर्षाच्या नंबरांची सूचना वाईट नाही. उबुंटूचं पहिलं व्हर्जन ४.१०, म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. २००६ मध्ये एक व्हर्जन एप्रिलऐवजी जूनमध्ये निघालं, तर ६.०४ चं ६.०६ करावं लागलं. उशीर नंबरातच छापला गेला! ऑफिसच्या कामाचं लिबरऑफिससुद्धा ७.६ नंतर एकदम २४.२ वर आलं. आपल्याकडचं किती जुनं आहे हे अशा नंबरातून झटकन कळतं. पण नवं घेतल्यावर माझी जुनी फाईल उघडेल का, हे कळत नाही, आणि तुमच्या लोकांचा जीव त्याच प्रश्नात अडकलेला आहे. म्हणून माझं मत तीन आकड्यांच्या बाजूनं. तारीख हवीच तर ‘माहिती’च्या खिडकीत लिहा.

मुलाखतवाल्याचं फार मनावर घेऊ नका. पुढच्या वेळी त्याला नंबर दाखवण्यापेक्षा बदलांची नोंद उघडून दाखवा.

दर महिन्याचा तगादा मात्र जास्त गंभीर आहे, कारण त्यात तुमची झोप जातेय. सारखं नवं येत राहिलं तरच प्रोजेक्ट जिवंत, असं तुम्हीही थोडंसं मानता असं पत्रावरून वाटलं. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ‘रोज का येत नाही’ हे आपण पुढाऱ्यांना विचारतो, पण शेजारणीला विचारतो ते ‘आपल्याकडे कुठल्या दिवशी’. दिवस पक्का असला की घागरी-पिंपं घासून तयार राहतात, पाहुण्यांना बोलवायचं का नाही ते ठरतं. दिवस चुकला की अख्खी गल्ली दारात. तुमच्या कारखानदारांनाही महिन्याला नवं व्हर्जन नको आहे, त्यांना दिवस हवा आहे.

मोठ्यांचे अनुभव हेच सांगतात. फायरफॉक्सनं २०११ पासून दर सहा आठवड्यांना नवं व्हर्जन काढायला घेतलं, तर ऑफिसांनी कटकट केली की आमच्या शेकडो मशिनांवर तपासून बसवेपर्यंत पुढचं येतं. म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ऑफिसांसाठी साधारण वर्षभर टिकणारी वेगळी शाखा काढली. पोस्टग्रेस हा डेटाबेस वर्षाला एकच मोठं व्हर्जन काढतो आणि प्रत्येकाला पाच वर्षं दुरुस्त्या पुरवतो. लिनक्सचा गाभा नऊ-दहा आठवड्यांनी निघतो: पहिले दोन आठवडे नवं घ्यायचं, मग दार बंद, पुढे आठवड्याला एक चाचणी आवृत्ती आणि फक्त दुरुस्त्या. डेबियन म्हणतं, तयार होईल तेव्हा. पण त्यांच्याकडे शेकडो माणसं आहेत. एकट्या माणसाचं ‘तयार होईल तेव्हा’ म्हणजे कधीच नाही, किंवा रात्री एक वाजता.

तुम्ही वर्षातून दोनदाच काढा. आणि तारखा तुमच्या सोयीपेक्षा मागाच्या सोयीनं ठरवा. मार्च-एप्रिल नको, तेव्हा हिशेब बंद करायची घाई. दिवाळीच्या तोंडावर नको, बोनस निघत असतात. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, तेव्हा अर्धं गाव नंदीध्वजांमागे, तुमचा फोन कोण उचलणार? जूनचा पहिला आठवडा आणि डिसेंबरचा पहिला आठवडा मला बरे दिसतात. वार सोमवार. शुक्रवारी काढलंत तर शनिवारच्या मजुरीला तुम्ही आणि ते, दोघंही रडाल. दोन आठवडे आधी नवं काही घालणं बंद करायचं आणि एका ओळखीच्या कारखान्यात जुन्या डेटाच्या प्रतीवर ते चालवून बघायचं. जे वेळेत झालं नाही ते पुढच्या खेपेला. कुणाची बॅग भरायची राहिली म्हणून सिद्धेश्वर एक्स्प्रेस थांबत नाही.

पैशाची किंवा सुरक्षेची चूक सापडली, तर मात्र तारखेची वाट बघायची नाही. २०१४ मध्ये इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये ‘हार्टब्लीड’ ही चूक सापडली तेव्हा त्याची दुरुस्ती १.०.१जी म्हणून आली. आकडे तेच, मागचं एक अक्षर बदललेलं, आणि त्या वर्षातलं सगळ्यात तातडीचं अपडेट तेच होतं. तुमच्याकडेही अशा वेळी शेवटचा आकडा वाढवून त्याच दिवशी पाठवा, पण त्यात दुसरं काहीही घुसवू नका, एखादं बटणसुद्धा नाही.

जुन्या व्हर्जनांना किती दिवस सांभाळायचं तेही लिहून टाका. पायथॉन ३.० आलं २००८ मध्ये आणि पायथॉन २ ला निरोप मिळाला १ जानेवारी २०२० ला. तेवढं औदार्य तुमच्या घराला परवडणारं नाही. ‘चालू आणि त्याच्या आधीचं एक’ इतकं पुरे.

ते जे अनोळखी गृहस्थ मागे लागलेत, त्यांना एकदाच नम्रपणे तारखा कळवा आणि सोडून द्या. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामात चोरदार सापडलं, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत. तो सांभाळणारा एकटा, थकलेला माणूस होता. आधी काही ऑनलाइन खात्यांनी ‘किती हळू काम करता’ म्हणून त्याला भंडावलं, आणि मदतीला आलेल्या ज्या माणसाच्या हाती कारभार गेला, त्यानंच ते दार बसवलं. ती भंडावणारी खाती बनावट असावीत असा दाट संशय आहे. तुमचे गृहस्थ बिचारे खरेच घाईतले असतील. तरीही त्यांच्या घाईपायी कुणाला घराची किल्ली देऊ नका. पुण्याच्या मित्राला ओळखता, त्याची गोष्ट वेगळी.

यानंतर क्रम असा ठेवा. या आठवड्यात कोडला हात न लावता एका पानावर लिहा की १.० नंतर मी न सांगता काय बदलणार नाही: फाईलची रचना, तारखेची पद्धत, मजुरीच्या तक्त्यातले रकाने. जीएसटी आणि छपाई त्या पानावर नसतील, त्यांच्यापुढे ‘अजून कच्चं’ असं स्पष्ट लिहा. मग ०.९.९ काढा, त्यात फक्त प्रत बाजूला ठेवायची सोय आणि व्हर्जन तपासणीची दुरुस्ती. महिनाभर चालू द्या. काही निघालं नाही, तर तेच, जसंच्या तसं, १.०.० म्हणून काढा. नवं काहीही नको. निघालं तर ०.९.१० आहेच.

आणि त्या महिन्यात इचलकरंजीच्या काकांना फोन करा. ते बोलतील, ऐकून घ्या. मग त्यांच्याकडून ती बिघडण्याआधीची जुनी फाईल मागून घ्या आणि ०.९.९ मध्ये उघडा. पाच एप्रिल पाच एप्रिलच दिसली पाहिजे.